खाल्ल्या मिठाला जागणारं यंत्र

घटस्थापनेच्या दिवशी, २२ सप्टेंबर २०२५ला, डिशवॉशरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला आणि दसऱ्याच्या आत मालाडच्या आमच्या सोसायटीत दोन खोकी लिफ्टने वर गेली. हप्ते, एक्स्चेंज, बाईच्या सुट्ट्या, सगळ्यावर चर्चा झाली. यंत्रात मीठ कुठलं घालायचं, हे कुणी विचारलं नाही. मिठचौकीच्या इतक्या जवळ राहून!

या यंत्राचं आयुष्य बरंचसं मिठावर असतं. तळाच्या कप्प्यातले रेझिनचे मणी पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडतात आणि मीठ त्या मण्यांना पुन्हा कामाला लावतं. मीठ संपलं की क्षार हीटरवर बसतात, काचेचे ग्लास पांढुरके होतात आणि आपण म्हणतो, हल्ली टिकाऊ काही मिळतच नाही. तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी तसं हलकं. पण टाकीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळलं की गणित बदलतं. पाणी किती जड, त्यानुसार यंत्रात आकडा लावायचा असतो. तो बसवणाऱ्याने ठेवला तिथेच वर्षानुवर्षं राहतो. काही घरांत तर सरळ स्वयंपाकाचं मीठ ओततात. ते बारीक, वर मोकळं राहावं म्हणून त्यात भलतंच काही मिसळलेलं. त्याचा गोळा होऊन बसतो.

आमच्याकडे येणारा दुरुस्तीवाला या विषयातला माझा आवडता तज्ज्ञ. यंत्रातून पाणी उपसेना म्हणून त्याला बोलावलं. त्याने फरशीवर वर्तमानपत्र पसरलं, खालचा ट्रे काढला, फिल्टर फिरवून उपटला आणि एकेक ऐवज मांडला: टोमॅटोची सालं, मोहरी, कढीपत्त्याचा देठ, लिंबाच्या बिया, लोणच्याच्या बरणीवरच्या लेबलाचा लगदा. ‘‘साहेब, मशीन बिघडलं नाय, घसा बसलाय त्याचा.’’ दसऱ्याला याच यंत्राला आम्ही हळदकुंकू वाहून झेंडूचा हार घातला होता. फिल्टर मात्र दीड वर्षात उघडला नव्हता.

भांडी आधी नळाखाली लख्ख धुऊन मग आत लावणाऱ्यांवर त्याचा विशेष राग. खरकटं निपटलं की पुरे, म्हणतो. अल्युमिनियमची कढई आत घालून ती काळी पडली म्हणून तक्रार करणारेही त्याला भेटतात. पावडर अल्कधर्मी, दुसरं काय होणार? पोळपाट घालणाऱ्यांबद्दल तो बोलतच नाही.

कंपन्या धुतल्या तांदळासारख्या आहेत असं मात्र नाही. आमचा मिक्सर कार्बन ब्रश बदलत वीस वर्षं चालला, कारण तो ब्रश स्टेशनबाहेर मिळतो. डिशवॉशरचं कंट्रोल बोर्ड गेलं की नव्या यंत्राचेच भाव काढावे लागतात. युरोपीय संघात मार्च २०२१पासून दाराची रबरं, फवारे मारणारे पंखे, फिल्टर यांसारखे भाग ग्राहकाला किमान १० वर्षं उपलब्ध ठेवण्याची सक्ती आहे. आपल्याकडे २४ डिसेंबर २०२२ला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल निघालं. पोर्टलवर माहिती मिळते, रबर नाही.

त्या दोन खोक्यांपैकी एक वरच्या मजल्यावरच्या काकूंचं. परवा जिन्यात त्यांनी थांबवलं. ‘‘मशीनला सैंधव चालेल का हो? उपासाचं उरलंय.’’