अपडेट लांबवायचं, पण किती दिवस?

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजले की मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून विंडोजच्या दुरुस्त्या सुटतात. भारतात तेव्हा रात्रीचे साडेदहा झालेले असतात, हिवाळ्यात साडेअकरा. ऑक्टोबर २००३पासून हा शिरस्ता चालू आहे. त्यामुळे आपल्याकडे हा बुधवारचा विषय होतो. महा ई-सेवा केंद्रात दाखल्यांसाठी रांग लागलेली असते, शाळेच्या कार्यालयात निकालपत्रकं छापायची असतात, आणि नेमकी तेव्हाच पडद्याच्या कोपऱ्यात ‘रीस्टार्ट करा’ अशी चौकट उगवते. बहुतेक जण ‘नंतर’वर क्लिक करतात. त्यामागे आळस असतोच असं नाही. अपडेटनंतर रुसलेला प्रिंटर, कासवाच्या गतीने सुरू होणारा संगणक, गायब झालेली फाइल यांतलं काही ना काही प्रत्येकाने पाहिलेलं किंवा ऐकलेलं असतं. हे अनुभव खरे आहेत. त्यांवरून काढलेले निष्कर्ष मात्र बरेचदा चुकतात, आणि ती चूक महागात पडते.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे सगळी अपडेट्स एकाच जातीची असतात. प्रत्यक्षात दर महिन्याला येणारी सुरक्षा दुरुस्ती वेगळी आणि वर्षातून एकदा येणारी विंडोजची नवी आवृत्ती वेगळी. पहिलीत सापडलेली भोकं बुजवलेली असतात. दुसरीत अनेकदा अख्खी प्रणाली बदलून जुनी ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली जाते. याखेरीज महिनाअखेरीस एक ऐच्छिक अपडेट येतं, ते पुढच्या महिन्याच्या दुरुस्तीची आगाऊ चाचणी असते. कामाच्या संगणकावर ते घेण्याचं काहीच कारण नाही. लोकांच्या आठवणीत राहिलेली मोठी संकटं बहुधा दुसऱ्या जातीची असतात, आणि त्यांच्या भीतीने टाळली जाते पहिली जात.

‘अपडेटमुळे फाइली उडतात’ या भीतीला एक ठोस इतिहास आहे. विंडोज १०ची ‘१८०९’ ही आवृत्ती २ ऑक्टोबर २०१८ रोजी आली आणि काही जणांच्या ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘पिक्चर्स’ फोल्डरांतल्या फाइली खरोखरच नाहीशा झाल्या. ज्यांनी ही फोल्डरं दुसऱ्या ड्राइव्हवर वळवली होती, पण जुन्या जागी काही फाइली तशाच राहू दिल्या होत्या, त्यांच्यावर ही आपत्ती आली. नव्या आवृत्तीने ती जुनी जागा रिकामी समजून साफ केली. चाचणी करणाऱ्या स्वयंसेवकांपैकी काहींनी ही तक्रार आधीच नोंदवली होती. ती तक्रारींच्या ढिगात दबून गेली. मायक्रोसॉफ्टने चारच दिवसांत वितरण थांबवलं आणि दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबरला आणली. कंपनीच्या म्हणण्यानुसार फाइली गेल्याची तक्रार ०.०१ टक्का वापरकर्त्यांची होती. ज्याचे घरातले फोटो गेले त्याला या टक्केवारीचा काय उपयोग, हा प्रश्न रास्त आहे. पण एक तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे: त्या पहिल्या दिवसांत ही आवृत्ती बहुतांशी त्यांनाच मिळाली, ज्यांनी स्वतःहून ‘अपडेट तपासा’ हे बटण दाबलं होतं.

प्रिंटरचीही गोष्ट अशीच. ९ मार्च २०२१च्या मासिक अपडेटनंतर क्योसेरा, रिको, झेब्रा अशा काही प्रिंटरवर छपाईचा आदेश देताच संगणक निळा पडदा दाखवून बंद पडू लागले. म्हणजे मासिक दुरुस्तीही कधीकधी घोटाळा करते, हे मान्य केलंच पाहिजे. त्यावरचा तातडीचा उपाय १५ मार्चला आला.

चार दिवस आणि सहा दिवस हे आकडे बाजूला ठेवून आता एक तिसरा आकडा पाहू.

१४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने फाइली आणि प्रिंटर वाटून घेण्याच्या जुन्या यंत्रणेतलं एक भोक बुजवणारी दुरुस्ती दिली. महिन्याभराने ‘शॅडो ब्रोकर्स’ नावाच्या टोळीने त्याच भोकातून शिरणारं, अमेरिकी गुप्तहेर संस्थेकडून चोरलेलं हत्यार जगासमोर टाकलं. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ पसरला. सुमारे १५० देशांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांवरच्या फाइली कुलूपबंद झाल्या आणि पडद्यावर खंडणीची मागणी आली. भारतात आंध्र प्रदेश पोलिसांचे संगणक सापडले. सर्वांत विदारक चित्र ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत दिसलं. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालानुसार इंग्लंडमधल्या किमान ३४ टक्के आरोग्य ट्रस्टांचं काम विस्कळीत झालं, आणि रद्द झालेल्या भेटी व शस्त्रक्रिया अंदाजे १९,००० होत्या. दुरुस्ती येऊन तोवर ५९ दिवस झाले होते.

या प्रकरणाचं खापर आजही ‘जुनाट विंडोज एक्सपी’वर फोडलं जातं. कॅस्परस्की या कंपनीच्या मोजणीत बाधित संगणकांपैकी सुमारे ९८ टक्के विंडोज ७वर चालत होते. त्या प्रणालीसाठी दुरुस्ती उपलब्ध होती, फुकट होती. ती लावायची राहून गेली होती, एवढंच.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण ‘मला कोण हॅक करणार?’ या युक्तिवादाचं उत्तर तिच्यात आहे. दुरुस्ती जाहीर झाली की हल्लेखोर जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून तुलना करतात. काय बदललं हे कळलं की भोक कुठे होतं हेही कळतं. म्हणजे ज्या दिवशी दुरुस्ती येते त्या दिवसापासून ती न लावलेला संगणक आदल्या दिवशीपेक्षा जास्त धोक्यात असतो. आणि वॉनाक्रायसारखा किडा माणूस निवडत नाही. जाळ्यावर जो उघडा दिसेल त्यात शिरतो. त्याला कोणी कसलीही लिंक उघडण्याची गरज नव्हती.

म्हणून ‘अपडेट करावं की करू नये’ हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. खरा प्रश्न दिवसांचा आहे. सदोष अपडेटची बोंब साधारण आठवड्याच्या आत होते आणि ते मागे घेतलं जातं किंवा सुधारलं जातं. हल्ले मात्र पुढच्या काही आठवड्यांत पिकतात. मासिक दुरुस्ती पाच-सात दिवस थांबवून लावली तर दोन्हीकडचं नुकसान टळण्याची शक्यता चांगली असते. नव्या वार्षिक आवृत्तीसाठी दोन-तीन महिनेही थांबायला हरकत नाही, कारण मधल्या काळात जुन्या आवृत्तीला सुरक्षा दुरुस्त्या मिळत राहतात. विंडोजच्या सेटिंगमध्ये आठवड्याच्या पटीत ‘पॉज’ करण्याची सोय आहे. अपवाद एकच: महिन्याच्या ठरल्या दिवसाबाहेर तातडीची सुरक्षा दुरुस्ती आली, तर ती त्याच दिवशी लावावी. जुलै २०२१मध्ये छपाईच्या यंत्रणेतल्या ‘प्रिंटनाइटमेअर’ या दोषासाठी अशी दुरुस्ती आली, कारण हल्ल्याची रीत आधीच उघड झाली होती. त्यानंतरच्या ऑगस्टमधल्या बदलामुळे प्रिंटरचा ड्रायव्हर बसवायला ॲडमिनचा पासवर्ड लागू लागला, आणि अनेक कार्यालयांत ‘अपडेटने प्रिंटर बिघडवला’ अशी ओरड झाली. तो बिघाड नव्हता. दार मुद्दाम बंद केलं होतं.

‘अँटिव्हायरस आहे, मग अपडेट कशाला?’ असं विचारणाऱ्यांनी न्हावा-शेव्याचं उदाहरण पाहावं. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ने मेर्स्क या जहाज कंपनीचे संगणक पुसून टाकले आणि तिच्या समूहाकडे असलेलं जेएनपीटी बंदरातलं टर्मिनल ठप्प झालं. पुढच्या दहा दिवसांत कंपनीला ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले, असं तिच्या अध्यक्षांनी नंतर दावोसमध्ये सांगितलं. हा किडा वॉनाक्रायवालं तेच भोक वापरत होता. शिवाय एका संगणकात शिरला की तिथले पासवर्ड चोरून शेजारच्या, दुरुस्ती लावलेल्या संगणकांतही घुसत होता. कार्यालयातला एक विसरलेला संगणक बाकी सगळ्यांची मेहनत वाया घालवू शकतो. त्याची सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या पळवून नेलेल्या अपडेटमधून झाली होती, हेही सांगायला हवं. अपडेट अधिकृत ठिकाणाहून आलं तरी ते शंभर टक्के निर्धोक असतं, असा दावा कोणी करू नये.

अपडेटनंतर घडलं म्हणजे अपडेटमुळे घडलं, ही समजूत तर फारच चिवट आहे. ऑगस्ट २०२५मध्ये विंडोज ११च्या मासिक अपडेटनंतर काही जणांच्या एसएसडी मोठी फाइल लिहिताना गायब होऊ लागल्या. बातमी जगभर पसरली. एसएसडीचे नियंत्रक बनवणाऱ्या फायसन कंपनीने ४,५००हून अधिक तास चाचण्या केल्या. बिघाड पुन्हा घडवून आणता आला नाही. मायक्रोसॉफ्टलाही अपडेटशी संबंध आढळला नाही. एकाच आठवड्यात कोट्यवधी संगणकांवर अपडेट लागतं, तेव्हा त्याच आठवड्यात स्वतःच्या कारणाने मरणाऱ्या डिस्क हजारोंनी असतात. त्यांच्या मालकांना शेवटचं काय आठवणार? अपडेटच.

१९ जुलै २०२४ची सकाळही अनेकांच्या लक्षात आहे. विमानतळांवरचे पडदे निळे झाले, भारतात प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. ‘विंडोज अपडेट फसलं’ असंच तेव्हा बोललं गेलं. चूक होती क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका फाइलची. भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ला ती सुटली, ती १०.५७ला मागे घेतली, आणि तेवढ्यात सुमारे ८५ लाख संगणक आडवे झाले. जगातल्या विंडोज संगणकांच्या तुलनेत हे एक टक्क्याहून कमी. घरगुती संगणकांवर हे सॉफ्टवेअर नसल्याने ते जवळपास सगळे सुटले.

संगणक मंदावतो का? काही काळ, होय. मोठ्या अपडेटनंतर शोधयादी नव्याने बांधली जाते, प्रोग्रॅमचे भाग पुन्हा तयार होतात, फाइली तपासल्या जातात. जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कवर हे सगळं जाणवतं आणि काही तासांत किंवा दिवसाभरात निवळतं. कायमचा वेगही कधी जातो: जानेवारी २०१८मध्ये प्रोसेसरमधले ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ हे दोष झाकताना जुन्या इंटेल प्रोसेसरांना फटका बसेल, हे मायक्रोसॉफ्टने स्वतःच जाहीर केलं होतं. तिथे वेग देऊन सुरक्षितता घेतली गेली. नवा संगणक विकण्यासाठी जुना मुद्दाम हळू केला जातो, हा आरोप मात्र विंडोजच्या मासिक दुरुस्त्यांबाबत सिद्ध झालेला नाही.

रोज रात्री ‘शट डाउन’ केलं की संगणक ताजातवाना सुरू होतो, हाही भ्रमच. विंडोज ८पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आहे. त्यात बंद करताना प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. ‘टास्क मॅनेजर’मध्ये सीपीयूखाली ‘अप टाइम’ पाहिला, तर रोज बंद होणारा संगणक कित्येक दिवस चालू असल्याचं दिसतं. म्हणून अपडेटला ‘रीस्टार्ट’च लागतो, किंवा बंद करताना ‘अपडेट अँड शट डाउन’. आणि टक्केवारी एका आकड्यावर अडली म्हणून बटण दाबून धरू नये. तो आकडा वेळ मोजत नाही, टप्पे मोजतो. एखादा टप्पा दोन मिनिटांचा, एखादा चाळीस मिनिटांचा. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे. मध्येच वीज गेली तर विंडोज केलेले बदल मागे घेण्याचा प्रयत्न करतं आणि बहुधा जमतंही, पण भारनियमनाच्या वेळेत डेस्कटॉपला यूपीएस आणि लॅपटॉपला चार्जर असलेला बरा.

अपडेट म्हणजे नुसतीच कटकट, असं वाटणाऱ्यांनी ₹ हे चिन्ह आठवावं. आयआयटी मुंबईत संशोधन करणाऱ्या डी. उदयकुमार यांचं हे चिन्ह सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं, त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये गेलं आणि २०११मध्ये विंडोज ७ला ते एका अपडेटमधूनच मिळालं. ते न लावलेल्या संगणकावर रुपयाच्या जागी रिकामी चौकट दिसत असे.

मॅक वापरणारेही यातून सुटलेले नाहीत. २०१२मध्ये ‘फ्लॅशबॅक’ने सुमारे सहा लाख मॅक गाठले. जावातल्या ज्या दोषातून तो शिरला, त्यावर ओरॅकलची दुरुस्ती फेब्रुवारीत आली होती, ॲपलची एप्रिलमध्ये.

राहिला प्रश्न जुन्या संगणकांचा. विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणजे त्या दिवशी संगणक बंद पडले नाहीत. त्यांची भोकं बुजवणं थांबलं. घरगुती वापरकर्त्यांना विस्तारित सुरक्षा योजनेत नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत दुरुस्त्या मिळवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने जाहीर केली. मायक्रोसॉफ्ट खात्यावर सेटिंगचा बॅकअप चालू ठेवणाऱ्यांना ती विनामूल्य आहे. ज्यांच्याकडे जुनी १६-बिट मराठी टंकलेखनाची किंवा हिशेबाची सॉफ्टवेअरं आहेत, त्यांनी विंडोज ११कडे जाताना एक गोष्ट धरून चालावी: ती प्रणाली फक्त ६४-बिट आहे आणि त्यावर १६-बिट प्रोग्रॅम चालत नाहीत. अशा संगणकाचं इंटरनेट काढून तो फक्त त्या कामाला ठेवणं हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग.

आणि कोणतंही मोठं अपडेट लावण्याआधी दोन कामं. फाइलींची एक प्रत संगणकाबाहेरच्या डिस्कवर, आणि बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर. जुलै २०२४च्या अपडेटनंतर अनेक संगणक सुरू होताना अचानक ही की मागू लागले होते, आणि आपली डिस्क कुलूपबंद आहे हेच कित्येकांना तोवर ठाऊक नव्हतं. ती की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन असते. खात्याचा पासवर्ड चालतो का, हे संगणक नीट चालू असतानाच एकदा तपासून घ्यावं.