छोट्या विमानातला जीपीएस: स्क्रीनवर रेषा दिसते, पण काटा कोणाचं ऐकतोय?

मोबाइलवर मॅप लावला आणि वळण चुकलं, तर फार फार तर पुढच्या चौकातून यू-टर्न मारावा लागतो. ढगात शिरलेल्या चार आसनी विमानाच्या पायलटला ती सोय नसते. खाली काही दिसत नाही, पाटी नाही आणि गाडी बाजूला लावून कुणाला विचारता येत नाही. समोर असतात ती फक्त उपकरणं. त्यातलंच एक म्हणजे पॅनेलमध्ये कायमचा बसवलेला जीपीएस नेव्हिगेटर.

मोबाइलच्या जीपीएसपेक्षा वेगळं काय?

जागा ओळखण्याचं तत्त्व तेच, उपग्रहांचे संकेत पकडायचे. पण पॅनेलमधला डबा विमानाशी जोडलेला असतो. त्याचा अँटेना छतावर, त्याची माहिती पायलटसमोरच्या काट्याला आणि ऑटोपायलट असेल तर त्यालाही. म्हणजे डब्यात चुकीचं ठिकाण टाकलं, तर चूक नकाशापुरती राहत नाही, विमानच तिकडे वळतं.

या जातीतलं सर्वात ओळखीचं उपकरण म्हणजे 1998 मध्ये आलेलं गार्मिनचं जीएनएस 430. एकाच डब्यात जीपीएस, बोलण्याचा रेडिओ आणि जमिनीवरच्या व्हीओआर व आयएलएस केंद्रांचे संकेत पकडणारा रिसीव्हर. पुढे त्याच कंपनीची टचस्क्रीन असलेली जीटीएन मालिका आली, तरी जुन्या सेस्ना आणि पायपर विमानांत 430 अजून भरपूर दिसतं. छोटासा स्क्रीन, दोन्ही बाजूंना एकात एक बसवलेल्या दुहेरी कळा, खाली बटणांची रांग. एकेक अक्षर कळ फिरवून टाकायचं. हलत्या विमानात हे काम किती कटकटीचं असेल, याची कल्पना करता येईल.

मग फायदा कसला?

वाऱ्याचा हिशेब. आकाशात विमानाचं नाक एकीकडे आणि प्रवास दुसरीकडे असं नेहमीच होतं, कारण बाजूचा वारा विमानाला ढकलत असतो. पूर्वी पायलट हवामान खात्याचा वारा घेऊन आकडेमोड करायचा आणि मग खिडकीतून नदी, रेल्वेमार्ग बघून ती तपासायचा. जीपीएस दोन आकडे समोर ठेवतो: जायची दिशा आणि प्रत्यक्ष प्रवासाची दिशा. पहिला 90 अंश आणि दुसरा 95 अंश असेल, तर विमान उजवीकडे सरकतंय. नाक थोडं डावीकडे घ्यायचं, दोन्ही आकडे जुळले की वाऱ्याचा हिशेब झाला.

आकड्यांच्या जोडीला असतो तो काटा. काटा मध्यभागी असेल तर विमान मार्गावर, एका बाजूला सरकला तर मार्ग त्या बाजूला. सोपं वाटतं, पण खरी गोम इथेच आहे. 430 मध्ये लांबच्या प्रवासात काटा पूर्ण कडेला गेला, तर विमान मार्गापासून निदान 5 नॉटिकल मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर दूर असतं. विमानतळाजवळ आल्यावर तेवढाच सरकलेला काटा 1 नॉटिकल मैल दाखवतो आणि उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात फक्त 0.3, म्हणजे साधारण साडेपाचशे मीटर. मोजपट्टी आपोआप बदलते.

एक काटा, दोन मालक

डब्याच्या खालच्या रांगेत सीडीआय नावाचं बटण आहे. ते दाबलं की काट्याचा मालक बदलतो: एकदा जीपीएस, एकदा जमिनीवरचं केंद्र. काटा तोच, दिसतोही तसाच. फरक सांगणारा शब्द स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतो.

समजा, ढगातून आयएलएसच्या आधाराने उतरायचं आहे. आयएलएसचे संकेत धावपट्टीजवळच्या अँटेनांकडून येतात आणि डावं-उजवं तसंच खाली-वर दोन्ही दाखवतात. पायलट बटण दाबायचं विसरला. जीपीएसच्या मालकीतला काटा तरीही शहाण्यासारखा मध्यभागीच राहतो, कारण जीपीएसमध्ये भरलेली रेषाही त्याच धावपट्टीकडे जाते. सगळं आलबेल वाटतं. उंचीच्या काट्याला मात्र आयएलएसचा संकेतच मिळत नसतो. काही परिस्थितींत डबा हा बदल स्वतःहून करून देतो आणि सवय बिघडते ती त्यामुळेच. दहा वेळा आपोआप झालेलं अकराव्या वेळी होत नाही.

‘थेट तिकडे’ बटणाची किंमत

सर्वात जास्त वापरलं जाणारं बटण म्हणजे ‘डी’ अक्षरातून आरपार बाण गेलेलं. ठिकाणाचं संक्षिप्त नाव टाका, दोनदा एंटर दाबा, सरळ रेषा तयार. ही रेषा वाटेत डोंगर आहे की लष्कराचं बंदी असलेलं क्षेत्र, हे बघून वाकत नाही.

चुकीच्या नावाने काय होतं, याचं सर्वात भीषण उदाहरण मोठ्या विमानाचं आहे. पण चूक अगदी छोट्या विमानातही होऊ शकते अशीच. 20 डिसेंबर 1995 च्या रात्री अमेरिकन एअरलाइन्सचं बोइंग 757 कोलंबियातल्या काली शहराकडे उतरत होतं. रोझो नावाच्या रेडिओ केंद्राकडे जायचं होतं. नकाशावर त्याची खूण ‘आर’ होती, म्हणून संगणकात ‘आर’ टाकलं गेलं. संगणकाच्या साठ्यात मात्र ‘आर’ म्हणजे बोगोटाजवळचं रोमिओ हे केंद्र. विमान डावीकडे, पूर्वेला वळलं. चूक ध्यानात येऊन परत वळेपर्यंत समोर डोंगर आला. 163 पैकी 159 जणांचा जीव गेला.

म्हणूनच शिकवताना सांगितलं जातं, की नाव टाकल्यावर एंटर दाबण्याआधी दिशा आणि अंतर वाचायचं. 40 मैलांवरचं ठिकाण 140 मैल दाखवत असेल, तर हात तिथेच थांबायला हवा.

डब्यावर विश्वास किती?

हा साठा दर 28 दिवसांनी नवा येतो, कारण मार्ग आणि फ्रिक्वेन्सी बदलत असतात. उपग्रहांचंही तसंच. जागा काढायला चार पुरतात, पण त्यातला एखादा खोटं बोलतोय हे ओळखायला पाचवा लागतो, आणि त्या खोटारड्याला शोधून बाजूला काढायला सहावा. ही तपासणी डबा स्वतः करतो आणि जमली नाही तर इशारा देतो. अचूकता वाढवण्यासाठी अमेरिकेत वास ही यंत्रणा आहे, भारतात इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची गगन. एप्रिल 2022 मध्ये इंडिगोचं एटीआर विमान राजस्थानातल्या किशनगडला गगनच्या आधाराने उतरलं होतं.

मात्र उतरणं जमलं नाही, तर? धावपट्टी दिसली नाही की पुन्हा वर जायचं असतं. 430 त्या बिंदूवर पुढचा मार्ग स्वतःहून सुरू करत नाही, तो थांबून राहतो. पायलटने इंजिन पूर्ण जोरात लावायचं, नाक वर घ्यायचं, चाकं आणि फ्लॅप आवरायचे, आणि मग ओबीएस हे बटण दाबायचं, तेव्हा कुठे पुढची रेषा सुरू होते. हा क्रम ढगात पहिल्यांदा आठवत बसायला नको, म्हणून बरेच पायलट तो घरी संगणकावरच्या सिम्युलेटरवर, चहाचा कप शेजारी ठेवून, पुन्हा पुन्हा करून बघतात.