उपग्रहाचा ठिपका आणि गुंठाभर ऊस

युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर 10 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असतो. म्हणजे 100 चौरस मीटर. आपला गुंठा 101 चौरस मीटरांचा. योगायोग खरा, पण फार कामाचा. एकरभर ऊस म्हणजे 40 ठिपके! आभाळ स्वच्छ असेल तर दर पाचेक दिवसांनी नवे चित्र मिळते, तेही फुकट. बंगळूरच्या इंदिरानगरात संगणकासमोर बसूनही शिरोळचा ऊस गुंठ्यागुंठ्याने पाहता येतो.

निरोगी पान लाल प्रकाश शोषते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. या दोहोंवरून हिरवेपणाचा निर्देशांक काढतात. ऊस दाटला की हा निर्देशांक वाढायचा थांबतो, म्हणून मोठ्या बांधणीआधीचे चित्र पाहावे. बांधावरच्या ठिपक्यांत शेजाऱ्याचे रानही मिसळते. ते सोडून द्यावेत.

मग फिकट ठिपक्यांना जास्त युरिया द्यायचा? इथेच घात होतो. पीक कुठे मागे पडले ते उपग्रह सांगतो, का ते सांगत नाही. कृष्णाकाठी अतिपाण्याने कितीतरी रान पाणथळ आणि क्षारपड झाले आहे. पाणी साचलेल्या मातीत जिवाणू नायट्रेटचा वायू करून टाकतात. चोपण जमिनीत नत्र अमोनिया होऊन उडून जाते. तिथे आधी पाण्याला वाट काढून द्यायला हवी. 45 किलोच्या गोणीत नत्र जेमतेम 21 किलो, तेही हवेत कशाला घालवायचे?

कारण शोधायला माती तपासावीच लागते. 2015 साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेसाठी बागायतीत अडीच हेक्टरांमागे एक नमुना ठरला. महाराष्ट्रात 2015-16 च्या कृषिगणनेनुसार सरासरी जमीनधारणाच 1.34 हेक्टर आहे. खोलगट कोपऱ्याचा आणि मुरमाड माथ्याचा नमुना आपला आपणच वेगळा काढायला हवा.

अमेरिकेतली यंत्रे नकाशा वाचून चालता चालता खताचा दर बदलतात. त्यांची वाट पाहण्याची आपल्याला गरज नाही, असे मला ठामपणे वाटते. आपल्याकडे खत बुट्टीतून हाताने पडते, आणि हाताला सरी बदलली की माप बदलता येते. रानाचे दोन-तीन भाग पाडावेत, प्रत्येकाचे माप ठरवावे. प्रत्येक भागात दोन सऱ्या मात्र तुलनेसाठी जुन्याच मापाने ठेवाव्यात. तोडणीच्या टोळीला वेगळे वजन करायला सवड नसते. सरीतले ऊस मोजून त्यांतले काही काट्यावर तोलले तरी फरक कळतो.