सेनापतीचें माप

युद्ध संपलें म्हणजे जिंकला तो शहाणा आणि हरला तो मूर्ख, असा निवाडा करण्याची लोकांची रीत आहे. हा निवाडा सोपा खरा. पण न्याय्य असतोच असें नाहीं. पहिल्या महायुद्धांतील मेसोपोटेमियाची मोहीम या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. तींत ‘पुणें डिव्हिजन’ व तिच्यांतील मराठा पलटणी लढल्या असल्यामुळें ती आपल्यास अगदींच परकी नाहीं.

या डिव्हिजनचा सेनापति जनरल टाउनशेंड. १८९५ सालीं चित्राळच्या किल्ल्यांत वेढा सोसून तो प्रसिद्धीस आला होता. १९१५ च्या जूनमध्यें त्यानें मूठभर माणसांनिशीं अमारा घेतलें. सप्टेंबरांत कूत घेतलें. या विजयांमुळें वरिष्ठ सेनापति जनरल निक्सन यास बगदादचा मोह पडला. फौज अपुरी, नदीवरील बोटी त्याहून अपुऱ्या आणि जखमींची सोय केवळ नांवाची! टाउनशेंडनें शंका कळविली. तरी आज्ञा झाली व तो निघाला. नोव्हेंबरांत टेसिफोन येथें साडेचार हजारांच्या आसपास माणसें पडलीं वा जखमी झालीं, आणि उरलेली फौज कूतला परतली.

येथवरचा दोष मुख्यतः वरिष्ठांचा. १९१७ च्या चौकशी-मंडळानेंही निक्सनवरच मुख्य ठपका ठेविला आणि भारतमंत्री चेंबरलेन यांनीं राजीनामा दिला. पुढील हिशेब मात्र टाउनशेंडच्या नांवावर पडतो. ७ डिसेंबरला तुर्कांचा वेढा पडला. गांवांतील धान्याची नीट मोजदाद न करतांच त्यानें तें थोडेच दिवस पुरेल असें कळविलें. त्यामुळें सुटकेस येणाऱ्या फौजेनें पुरती तयारी होण्यापूर्वींच घाईनें हल्ले केले. सुटकेच्या त्या साऱ्या खटपटींत सुमारें २३ हजार माणसें मेलीं वा जखमी झालीं; आणि मागाहून झडती घेतां गांवांत धान्य निघालें! कोठी न पाहतां पंगत मांडणाऱ्या यजमानास आपण काय म्हणतों?

१४४ दिवसांनीं, २९ एप्रिल १९१६ रोजीं, सुमारें १३ हजार सैनिकांनीं शस्त्रें खालीं ठेविलीं. शिपाई वाळवंटांतून पायीं हांकलले गेले व हजारोंनीं मेले. सेनापति मात्र कॉन्स्टँटिनोपलजवळील बेटावर सुखांत राहिला.

नंतर आलेल्या जनरल मॉडनें बोटी, रस्ते व रुग्णालयें यांची व्यवस्था लागेपर्यंत चढाई केली नाहीं. ११ मार्च १९१७ रोजीं बगदाद त्याच्या हातीं आलें. त्याजपाशीं फौज अधिक होती, हेंही विसरतां कामा नये.

तेव्हां सेनापतीचें माप केवळ जयानें घेऊं नये. त्यास त्या वेळीं काय ठाऊक होतें, जें कळणें शक्य होतें तें त्यानें जाणून घेतलें काय, आणि ज्यांच्या बळावर तो लढला त्यांची काळजी त्यानें वाहिली काय, हें विचारावें. टाउनशेंड पहिल्या प्रश्नांत बव्हंशीं सुटतो. उरलेल्या दोहोंत त्याची सुटका होत नाहीं.