ठोकळ्यांतून साकारणारे अंतराळयान

मीरा-भाईंदर परिसराचे नौकांशी असलेले नाते जुने आहे. अनेक ग्रामपंचायती एकत्र येऊन १९८५ मध्ये येथे नगरपरिषद झाली आणि २००२ मध्ये महानगरपालिका. इमारतींच्या रांगांमागे जुनी मिठागरे बरीचशी दिसेनाशी झाली. परंतु उत्तनच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या होड्या आजही उभ्या असतात आणि घोडबंदरचे नाव तेथे उतरणाऱ्या घोड्यांची आठवण करून देते. अशा या गावात शाळकरी मुले आता वेगळ्याच नौका बांधू लागली आहेत. त्या पाण्यावर चालत नाहीत, त्यांना शीड नाही आणि सुकाणूही नाही. संगणकाच्या पडद्यावर, एकेक ठोकळा जोडून, ही मुले अंतराळयाने उभारतात.

‘मुलगा दिवसभर खेळत बसतो’ ही पालकांची तक्रार शिक्षकांना नवी नाही, आणि ती निराधारही नाही. तथापि सर्वच संगणकीय खेळ एका मापाने मोजणे योग्य ठरणार नाही. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. त्याच कायद्याने ई-क्रीडा आणि सामाजिक व शैक्षणिक खेळ यांना मात्र वेगळे स्थान दिले. यानबांधणीच्या खेळात पैज नसते. ठरलेली गोष्ट नसते, जिंकणे-हरणेही फारसे नसते. वाळूत किल्ला करणाऱ्या मुलाला जशी मोकळीक असते तशीच येथे असते. म्हणूनच अशा खेळांना जगभर ‘सँडबॉक्स’ म्हणजे वाळूचा हौद असे नाव पडले आहे. या हौदात मुलांच्या हाती नेमके काय लागते, त्यातले विज्ञान किती खरे आणि किती खोटे, हे शिक्षकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

या प्रकारातील एक प्रसिद्ध खेळ म्हणजे ‘स्पेस इंजिनिअर्स’. प्राग येथील कीन सॉफ्टवेअर हाऊस या संस्थेने तो २०१३ मध्ये प्राथमिक स्वरूपात खुला केला आणि २०१९ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केला. यात सर्व बांधकाम घनाकृती जाळीवर होते. मोठ्या यानासाठी एका घनाची बाजू अडीच मीटर, छोट्या यानासाठी अर्धा मीटर. ठोकळा नुसता ठेवून भागत नाही. खनिज खणावे लागते, ते वितळवून धातू काढावा लागतो, धातूचे पत्रे करावे लागतात आणि हाती वेल्डिंगचे यंत्र घेऊन ते जोडावे लागतात. मोठ्या जाळीतील साध्या कवचाच्या एका ठोकळ्याला पोलादाचे २५ पत्रे लागतात व त्याचे वस्तुमान ५०० किलोग्रॅम भरते. भारी कवचाचा तेवढ्याच आकाराचा ठोकळा ३,३०० किलोग्रॅमचा असतो.

सुकाणू का नाही?

उत्तनच्या होडीत पठाण हा तळाचा कणा, त्यावर बसणारे वांक म्हणजे फासळ्या, पुढे नाळ आणि मागे सुकाणू अशी रचना असते. नवे यान बांधू पाहणारे मूल पुष्कळदा अशीच काहीतरी नौका मनात धरून बसते आणि पहिल्याच उड्डाणात फसते. होडीचे सुकाणू पाण्याला रेटते, पाणी सुकाणूला उलट रेटते आणि होडी वळते. अंतराळात रेटायला काहीच नाही. इंजिन बंद केले की होडी पाण्याच्या अडथळ्याने हळूहळू थांबते. यान मात्र थांबतच नाही. न्यूटनचा पहिला नियम पाठ म्हणून दाखविणाऱ्या विद्यार्थ्यालाही त्याचा अर्थ येथे, यान खडकावर आदळल्यावर, प्रथमच उमगतो.

म्हणून यानाचा पहिला मूळ घटक म्हणजे रेटा देणारे यंत्र, थ्रस्टर. ते एका दिशेने झोत सोडते आणि यान विरुद्ध दिशेने ढकलले जाते. पुढे जाण्यासाठी झोत मागे हवा, हे सर्वांना सुचते. थांबण्यासाठी पुढे झोत सोडणारा थ्रस्टर हवा, हे मागाहून सुचते. मग वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. एकूण सहा दिशा झाल्या, आणि यांपैकी एकीचा विसर पडला तरी यान लंगडे राहते.

किती थ्रस्टर लावावेत, हा प्रश्न दुसऱ्या नियमाकडे नेतो. समजा, साध्या कवचाचे १०० ठोकळे वापरून यान केले. केवळ कवचाचे वस्तुमान ५० टन झाले. थांबविणारा रेटा एक लाख न्यूटन असेल, तर दर सेकंदाला वेग २ मीटरने घटेल. खेळात वेगाची नेहमीची मर्यादा सेकंदाला १०० मीटर आहे. त्या वेगातून थांबायला ५० सेकंद आणि अडीच किलोमीटर अंतर लागेल. आता तेच यान ‘मजबूत’ व्हावे म्हणून भारी कवचाने मढविले, तर वस्तुमान ३३० टन होते. थांबायला साडेपाच मिनिटे आणि साडेसोळा किलोमीटर! मजबुतीची किंमत काय असते याचे इतके ढळढळीत उदाहरण पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडेल. आठवीपुढील विद्यार्थ्यांना हे गणित फळ्यावर सोडविता येते, त्यासाठी संगणकाची गरज नाही.

दुसरा घटक वळविण्याचा. येथे जायरोस्कोप नावाचा ठोकळा वापरतात आणि ही कल्पना अस्सल आहे. खऱ्या उपग्रहांत वेगाने फिरणारी चाके बसविलेली असतात; चाकाची गती एका दिशेने वाढविली की उपग्रहाचे धड उलट दिशेने वळते, आणि इंधनाचा थेंबही खर्च होत नाही. सायकलचे चाक आसासह दोन्ही हातांत धरून, ते फिरते ठेवून, फिरत्या स्टुलावर बसलेल्या विद्यार्थ्याने आस कलता केला तर स्टूल आपोआप वळते. हा प्रयोग कोणत्याही शाळेत होण्याजोगा आहे.

ऊर्जेसाठी सौर पट्ट, विजेऱ्या आणि युरेनियमवर चालणारी अणुभट्टी असे पर्याय आहेत. त्याहून रंजक ठोकळा म्हणजे बर्फापासून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करणारा. हायड्रोजन थ्रस्टरला जातो, ऑक्सिजन श्वासाला. ही कवीकल्पना नव्हे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पाण्याचे विद्युत अपघटन करूनच अंतराळवीरांसाठी ऑक्सिजन तयार केला जातो. २००८ मध्ये गेलेल्या चांद्रयान-१ वरील उपकरणांना चंद्रावर पाण्याच्या खुणा आढळल्या, त्यांचे महत्त्वही याच कारणाने आहे: पुढील प्रवासाचे इंधन आणि प्राणवायू तेथेच मिळविता येण्याची शक्यता.

कोठारे, नळ्या, हवाबंद दारे, चालकाची खोली यांविषयी विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही; हे घटक घरातील खोल्यांसारखेच आहेत.

विक्रोळी आणि वालचंदनगर

मुलांच्या खेळातील ठोकळे पडद्यावरचे. खऱ्या ठोकळ्यांसाठी मात्र दूर जावे लागत नाही. विक्रोळीतील गोदरेजच्या कारखान्यात ‘विकास’ इंजिने तयार होतात. पीएसएलव्ही या भारतीय प्रक्षेपकाचा दुसरा टप्पा याच इंजिनावर चालतो. पवई येथे लार्सन अँड टुब्रोने घन इंधनाच्या महाकाय नळकांड्यांची, म्हणजे मोटार-आवरणांची, निर्मिती केली आहे. गगनयान मोहिमेसाठीही तेथून आवरण गेले. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बनविणारी वालचंदनगर इंडस्ट्रीज ही संस्थाही कित्येक वर्षे अशीच आवरणे पुरवीत आली आहे. उसाच्या चरकांशेजारी अग्निबाणाचे अंग घडावे, हा महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासातील एक विलक्षण योगच होय.

येथे खेळ आणि वास्तव यांच्यातील एक साम्य लक्षात घेण्यासारखे आहे. पीएसएलव्हीचा पहिला टप्पा एकसंध नसतो. २.८ मीटर व्यासाचे पाच खंड एकावर एक जोडून तो उभा राहतो व त्यात सुमारे १३८ टन घन इंधन मावते. विशेष कणखर पोलादाच्या या आवरणातील प्रत्येक सांधा निर्दोष असावा लागतो. पडद्यावर वेल्डिंगचे यंत्र फिरविणाऱ्या मुलाला सांधा एका क्षणात जुळलेला दिसतो. कारखान्यातील वेल्डरला त्यासाठी अनेक वर्षांची तयारी आणि क्ष-किरण तपासणीची शिस्त लागते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील वेल्डरचा अभ्यासक्रम ‘नापासांसाठी’ आहे अशी समजूत अद्याप अनेक गावांत आढळते. खेळाच्या नादाने एखाद्या मुलाला सांध्याचे कुतूहल वाटू लागले, तर त्या कुतूहलाला वाट दाखविण्याचे काम शिक्षक आणि पंचायत सदस्य दोघेही करू शकतात.

ठोकळे जोडण्याची कल्पना अंतराळातही सिद्ध झाली आहे. आंतरराष्ट्रीय स्थानकाचा पहिला खंड २० नोव्हेंबर १९९८ रोजी कक्षेत गेला आणि पुढे एकेक खंड जोडत ते वाढले. खेळातील ‘कनेक्टर’ ठोकळा करतो तेच काम भारताने ‘स्पेडेक्स’ मोहिमेत करून दाखविले. ३० डिसेंबर २०२४ रोजी सोडलेले प्रत्येकी सुमारे २२० किलोग्रॅमचे दोन उपग्रह १६ जानेवारी २०२५ रोजी कक्षेत एकमेकांना जोडले गेले. चांद्रयान-३ हेही अशाच दोन मोठ्या भागांचे होते: २,१४८ किलोग्रॅमचा प्रणोदन खंड आणि १,७५२ किलोग्रॅमचा अवतरण खंड, ज्याच्या पोटात २६ किलोग्रॅमची ‘प्रज्ञान’ बग्गी होती. आपले काम संपलेला भाग मागे सोडून हलके होत जाणे, ही त्यातील खरी युक्ती.

खेळ कोठे चुकवितो

नेमक्या याच ठिकाणी शिक्षकाने सावध असावयास हवे. ‘स्पेस इंजिनिअर्स’मध्ये यान ग्रहावरून सरळ वर जाते, गुरुत्वाकर्षण कमी कमी होत काही उंचीवर नाहीसे होते आणि यान अधांतरी स्थिर राहते. मूल यावरून ‘वर गेले की गुरुत्वाकर्षण संपते’ असा निष्कर्ष काढते. तो साफ चुकीचा आहे. अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते आणि तेथे पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्यापेक्षा जेमतेम दहा-बारा टक्क्यांनी कमी असते. स्थानक खाली कोसळत नाही याचे कारण ते सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने आडवे धावत असते. ते सतत पडतच असते, पण पृथ्वीच्या गोलाईमुळे जमीन तेवढीच खाली वाकत जाते. आतील माणसेही त्याच्याबरोबर पडत असल्याने त्यांना वजन जाणवत नाही. खेळातील १०० मीटरची वेगमर्यादा पाहता तेथे अशी कक्षा गाठताच येत नाही.

दुसरी चूक इंधनाची. सुमारे ३२० टनांचा पीएसएलव्ही ध्रुवीय कक्षेत पोहोचवितो तो भार पावणेदोन टनांच्या आसपास, म्हणजे शंभरातील एक भागही नव्हे. उरलेले बहुतेक सारे इंधन आणि ते धरून ठेवणारी टाकलेली आवरणे. खेळात विजेवर चालणारे थ्रस्टर इंधन न संपविता रेटा देत राहतात, त्यामुळे ही काटकसर मुलाला शिकावी लागत नाही. शिवाय थ्रस्टर यानाच्या एका कडेला बसविला तरी यान गरगरत नाही. रेटा जणू नेहमी वस्तुमानाच्या मध्यातूनच लागतो. होडीच्या एकाच बाजूला वल्हे मारून पाहिलेल्या उत्तनच्या मुलाला यातील खोटेपणा चटकन समजेल.

कक्षा, इंधन आणि तोल यांचा हिशेब ज्यांना खरा हवा, त्यांच्यासाठी मेक्सिकोतील स्क्वॉड या संस्थेने २०११ मध्ये प्रथम खुला केलेला ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ हा खेळ अधिक उपयुक्त आहे. त्यात ठोकळ्यांऐवजी तयार भाग आहेत: टाक्या, इंजिने, पंख, टप्पे विलग करणारी कडी. यान बेढब असेल तर ते कलंडते, आणि वेग आडवा नसेल तर परत खाली येते. सौंदर्यात तो डावा. विज्ञानात मात्र उजवा म्हणावा लागेल.

संगणक नसेल तर

हे दोन्ही खेळ विकत घ्यावे लागतात व शाळांतील साध्या संगणकांवर ते नीट चालतीलच असे नाही. मीरा-भाईंदरसारख्या शहरातही एका इमारतीतील मुलाकडे असा संगणक असतो आणि शेजारच्या वस्तीतील मुलाकडे नसतो. वर्गात केवळ पहिल्याचीच चर्चा झाली तर दुसरा मागे पडेल. सुदैवाने मूळ घटक समजण्यासाठी पडदा अपरिहार्य नाही. रिकाम्या आगपेट्या एकमेकींना चिकटवून यान करावे, काहींत वाळू भरून त्या ‘भारी’ कराव्यात आणि दोऱ्याने टांगून तोल कोठे साधतो ते पाहावे. ताणलेल्या दोऱ्यात नळी ओवून तिला फुगलेला फुगा चिकटविला की थ्रस्टर तयार झाला. नळीवर एक, दोन, तीन नाणी चिकटवीत तो किती अंतर जातो हे प्रत्येक वेळी मोजून वहीत तक्ता करावा. कवच जड केल्याचा परिणाम सेंटिमीटरांत समोर येतो. कक्षेसाठी दोरीला बांधलेला चेंडू मैदानात फिरवून एकदम सोडावा, आणि तो कोणत्या दिशेने गेला ते मुलांनी आधी अंदाज लिहून मग पाहावे. बहुतेकांचा अंदाज चेंडू थेट बाहेरच्या बाजूस फेकला जाईल असा असतो. तो प्रत्यक्षात जातो वर्तुळाच्या स्पर्शरेषेने.