४१७ रुपये ६० पैसे

एक शर्ट एक बाई शिवत नाही. बंगळुरूच्या पीण्या किंवा बोम्मनहळ्ळीतल्या कारखान्यात तो लाइनवरून पुढे सरकत जातो. एकीच्या वाट्याला दिवसभर फक्त कॉलर, दुसरीला कफ, पुढची खिसे जोडते, कुणी काज-बटन करते. तासाला किती नग निघायला हवेत ते ठरलेलं असतं. टार्गेट हुकलं की सुपरवायझर डोक्यावर येऊन उभा. मशीन सोडून उठावं लागू नये म्हणून कित्येकजणी पाणीसुद्धा बेताने पितात.

एवढं करून हाती पडतं ते बहुधा सरकारने ठरवलेलं किमान वेतन. दहा वर्षं मशीनवर बसलेलीचा पगारही नवख्या मुलीच्या फारसा पुढे गेलेला नसतो. म्हणून दर १ एप्रिलला निर्देशांकाप्रमाणे वाढणारा महागाई भत्ता हीच या बायकांची खरी पगारवाढ.

२०२० साली ही वाढ होती महिन्याला ४१७ रुपये ६० पैसे. म्हणजे कामाच्या दिवसाला सोळा रुपये. करोनाच्या टाळेबंदीत कर्नाटक सरकारने ती वर्षभर पुढे ढकलली. कामगार संघटना न्यायालयात गेल्या आणि सप्टेंबरमध्ये उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती देऊन थकबाकीसह पैसे द्यायला सांगितलं. तरीही बहुतेक कारखान्यांनी ते दिले नाहीत.

सोळा रुपयांत काय येतं, असं कुणी म्हणेल. राज्यात असे कामगार चार लाखांहून जास्त. त्यांचे मिळून महिन्याला साडेसोळा कोटींहून जास्त होतात. २०२१ संपेपर्यंत एकेकीचे पावणेनऊ हजार अडकले होते, जवळजवळ एका महिन्याचा पगार. ‘वर्कर राइट्स कन्सॉर्शियम’ या अमेरिकी संस्थेने ही आपण पाहिलेली सर्वांत मोठी वेतनचोरी असल्याचं म्हटलं.

या सगळ्यात परदेशी ब्रँड लांब कसे राहतात? कामगार त्यांचे नोकर नसतात. ब्रँड ठरावीक भावाने माल घेतात, आणि भाव परवडला नाही तर ऑर्डर दुसऱ्या कारखान्याला, नाहीतर दुसऱ्या देशात जाते. कापड, बटनं, वीज यांचे दर कारखानदाराच्या हातात नसतात. पिळता येते ती मजुरी. त्यामुळे ब्रँडने भाव वाढवून दिल्याशिवाय पगाराचा प्रश्न सुटेल, असं मानणं भाबडेपणाचं आहे.

बायका गप्प बसतात असंही नाही. भविष्यनिर्वाह निधी काढण्यावर केंद्राने नवी बंधनं घातली, तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये हजारो कामगार बाया बंगळुरूच्या रस्त्यांवर उतरल्या. मुलांच्या फीसाठी, कर्जासाठी हाताशी असलेली ती एकच गंगाजळी होती. दोन दिवसांत केंद्र सरकारने तो नियम मागे घेतला.

महागाई भत्त्याला मात्र जवळपास दोन वर्षं लागली. ब्रँडवर दबाव वाढला, तेव्हा २०२२ च्या सुरुवातीला एका मोठ्या निर्यातदाराने थकबाकी द्यायचं कबूल केलं. मग बाकीचे कारखानेही हळूहळू पैसे देऊ लागले.