हक्कसोड : सहीच्या आधी विचारायचे प्रश्न

मागच्या वेळी आपण मृत्युपत्रावर बोललो. त्यानंतर जे प्रश्न आले, त्यात एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा होता : "वडील गेले. भाऊ म्हणतो, हक्कसोडपत्रावर सही कर. करू का?" आज तेवढाच विषय घेऊ. मी वकील नव्हे, तत्त्वज्ञानाचा मास्तर. करा किंवा करू नका, हे मी सांगणार नाही. पण आपण काय सोडतो आहोत हे माहीत नसेल, तर त्याला सोडणं म्हणता येईल का, हा प्रश्न माझ्या विषयातला आहे.

आपल्या पनवेल-उरणकडे हा प्रश्न जास्त टोचतो, त्याला कारण आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईचं आंदोलन झालं, गोळीबारात माणसं गेली. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना मिळाली. पुढे विमानतळाच्या गावांना साडेबावीस टक्के. म्हणजे ज्या भातखाचराच्या वाट्याबद्दल कुठल्या बहिणीने कधी विचारलं नव्हतं, त्याच खाचराचा शहरातला भूखंड झाला. साडीचोळीवर मिटणारी गोष्ट आता तशी मिटत नाही.

आता कायदा बघू. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. वडिलांची स्वतः कमावलेली मिळकत असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर पत्नी, आई, मुलगे, मुली यांना सारखा वाटा. हे १९५६ पासून आहे, नवीन नाही. अडचण होती ती वडिलोपार्जित मिळकतीची. तिथे मुलाला जन्मतः हक्क, मुलीला नाही.

उदाहरण घ्या. वडिलोपार्जित ४० गुंठे, आई आधीच गेलेली, एक मुलगा, एक मुलगी. जुन्या पद्धतीने वडील गेले की आधी बाप-लेकात वीस-वीस गुंठ्यांची वाटणी झाली असं धरायचं. मग वडिलांचे वीस भावाबहिणीत निम्मे. मुलाला ३०, मुलीला १०. आज? दोघांना वीस-वीस.

हा बदल टप्प्याटप्प्याने आला. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला सहदायाद केलं, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ची, त्यात लग्नाची अट नाही. तरी वाद राहिला : त्या दिवशी वडील हयात असायला हवेत का? सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सांगितलं, नको. हक्क जन्माने आहे. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेली वाटणी, तसंच त्याआधी झालेली विक्री, या दुरुस्तीने उलटत नाही.

आणखी एक गोष्ट, जी बहुधा कुणी सांगत नाही. हा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. आपल्याच तालुक्यातल्या कातकरी, ठाकूर भगिनींनी हे गणित स्वतःला लावू नये, वेगळा सल्ला घ्यावा. मुस्लिम, ख्रिस्ती कुटुंबांचेही वारसा कायदे निराळे आहेत.

आता नोंदीकडे येऊ. "सातबाऱ्यावर माझं नाव नाही, म्हणजे माझा हक्क गेला" असं अनेक जणी म्हणतात. तसं नाही. सातबारा हा मुळात महसुलाचा कागद. त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, पण नोंदीने मालकी निर्माण होत नाही आणि नोंद नसल्याने ती संपतही नाही. तत्त्वज्ञानाच्या भाषेत, असणं वेगळं आणि लिहिलेलं असणं वेगळं. पण व्यवहारात लिहिलेल्यालाच वजन असतं, म्हणून वारस नोंद करून घ्यावी. तलाठ्याकडे अर्ज द्यायचा, फेरफाराची नोटीस निघते, हरकत घेता येते. नोटीस आली की ती वाचायची, नुसती सही करून परत द्यायची नाही.

हक्कसोडपत्र म्हणजे आपला वाटा दुसऱ्या सहहिस्सेदाराच्या नावे सोडणं. स्थावर मिळकतीचं हे पत्र नोंदणीकृत असावं लागतं. तलाठ्यासमोर "मला काही नको" असा जबाब दिला, म्हणजे कायद्याने हक्क सुटला असं होत नाही. उलट, एकदा नोंदणी झाली की मन बदललं म्हणून ते मागे घेता येत नाही. फसवणूक किंवा गैरवाजवी दडपण असेल तर कोर्टात जाता येतं, पण ते सिद्ध करावं लागतं आणि दस्त रद्द करण्याच्या दाव्याला, खरी गोष्ट कळल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे.

म्हणून सहीच्या आधी चार प्रश्न. कोणते गट नंबर, किती क्षेत्र? आठ-अ चा उतारा मागा. जमीन संपादनात गेली आहे का, भूखंड किंवा मोबदला यायचा आहे का? पत्रात "आणि इतर सर्व मिळकती" असे शब्द आहेत का? आणि सोडते आहे ते कुणाच्या नावे, एका भावाच्या की सगळ्यांच्या?

शेवटी माहेरचं. "सही नाही केली तर माहेर तुटेल" ही भीती खोटी नाही, मी तिला हसणार नाही. भावाने आईवडिलांची सेवा केली, शेत सांभाळलं, म्हणून एखादी बहीण वाटा सोडते. तो तिचा मोठेपणा. पण दान द्यायचं तर आधी ते आपलं आहे हे दोघांनाही मान्य हवं. जो भाऊ म्हणतो, "हे तुझे वीस गुंठे, आता तू ठरव", त्याला बहिणीने सगळं दिलं तरी ते देणं ठरतं. जो कागद झाकून "इथे सही कर" म्हणतो, त्याला तिने काहीच दिलेलं नसतं. त्याने ते घेतलेलं असतं.

पुढच्या वेळी बक्षीसपत्राविषयी बोलू.